टिटवीचा कायदा

भंगाराच्या धंद्यात माणूस एक गोष्ट शिकतो. प्रत्येकाचा एक आकडा असतो. समोरचा कितीही ताठ बसलेला असो, रागानं उठून चालायला लागलेला असो, त्याच्या पोटात एक आकडा असतोच आणि तिथपर्यंत तो खाली येतो. धावड्याहून जालन्यात आलो तेव्हा माझ्याकडे एक हातगाडी होती, तीसुद्धा दुसऱ्याची. आज स्वतःचं यार्ड आहे, काटा आहे, दारात दोन ट्रक उभे असतात. सगळं त्या एका विद्येवर मिळवलं.

एकाच माणसाचा आकडा मला सापडला नाही. त्या माणसानं माझं हक्काचं नाव बोर्डावर लागू दिलं नाही, आणि मी शेवटपर्यंत त्याच्याशी भांडत राहिलो. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. आता सांगायला हरकत नाही.

आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. जन्म जालन्यातल्या मस्तगडातला, नोकरी अंकुशनगरच्या साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत. सगळी हयात साखरेत काढली आणि चहा बिनसाखरेचा प्यायले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हलवायानं जिलबी खाल्लेली पाहिलीय का तुम्ही?" तरुणपणी परमुलखातल्या कुठल्याशा कारखान्यात शिकायला गेले होते, तिथं त्यांना गोल्फचा नाद लागला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सळयांच्या एका मिलवाल्याला पटवलं आणि जालन्याबाहेर त्याच्या पडीक माळावर नऊ होलांचं मैदान आखलं.

मैदान म्हणजे टीव्हीवर दिसतं तसलं काही नव्हे. पाऊस पडला तर चार महिने गवत, एरवी दगड, कुसळं आणि काळ्या मातीच्या भेगा. होलाभोवती हिरवळीऐवजी तेल मारलेल्या वाळूचा गोल. पत्र्याची एक शेड, तिला आम्ही क्लब म्हणतो. तिथं येणारे म्हणजे डॉक्टर, बियाण्यांच्या कंपन्यांचे साहेब लोक, सळयांच्या मिलवाले. मी गेलो तो खरं तर मिलवाल्यांसाठी, माझं भंगार त्यांच्याच भट्टीत जातं. यार्डात जो माणूस दोन मिनिटं देत नाही तो इथं दोन तास शेजारून चालतो, हे मला कळलं होतं. खेळाचा नाद नंतर लागला, आणि वाईट लागला.

साहेबांचं पहिलं वेड म्हणजे क्लबाचे स्थानिक नियम. ते त्याला घरचे कायदे म्हणायचे. गोल्फच्या कायद्यांचं जगाचं एक पुस्तक आहे, पण ते पुस्तक लिहिणाऱ्यानं जालन्याचा माळ पाहिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. तिथं कुठं लिहिलंय की बॉल भेगेत गेला तर काय करायचं? साहेबांनी लिहिलं: भेगेत हात घालू नये, दुसरा बॉल ठेवावा, दंड नाही. मेंढरं आली तर? खेळ थांबवावा, मेंढरांचा हक्क आधीचा. असे सगळे कायदे त्यांनी एका पत्र्यावर रंगवून घेतले आणि पहिला फटका जिथून मारायचा तिथं तो पत्रा ठोकला. तो कुणी वाचला नाही. आपल्याच क्लबाचा पत्रा कोण वाचतो? लोकांनी त्याच्या सावलीत बुटांच्या नाड्या बांधल्या.

साहेबांना हे माहीत होतं. म्हणून ते रविवारी सकाळी पत्र्याला पाठ लावून उभे राहायचे आणि येईल त्याला एक प्रश्न विचारायचे.

"हं डॉक्टर, मेंढराच्या अंगावर बसून बॉल होलाकडं गेला. काय कराल?"

"मेंढराला बक्षीस देईन, साहेब."

"नापास. खेळा, पाव्हणं."

घरचे कायदे ज्याला येत नाहीत तो पाहुणा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या हिशोबानं क्लब पाव्हण्यांनीच भरलेला होता. एकदा एक मोठे अधिकारी आले, मागंपुढं माणसं, नवी कोरी बॅग. साहेबांनी त्यांनाही सोडलं नाही. अधिकारी हसून म्हणाले, "मी तर खरंच पाहुणा आहे." साहेब म्हणाले, "मंग तर पत्रा वाचायलाच पाहिजे. पाव्हण्यानं आधी घर पाहावं." आणि त्यांना उन्हात उभं करून सगळा पत्रा वाचायला लावला. मागची माणसं आकाशाकडं बघत राहिली.

सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मेंढरांनासुद्धा. मेंढरू वाळूच्या गोलात बसलं तर आम्ही दगड उचलायचो, साहेब वाकून म्हणायचे, "अहो, जरा सरकता का?" मी मेंढरामागं वाढलेला माणूस, मला हसू आवरायचं नाही. आणि एकटे खेळायचे तेव्हा स्वतःवर दंड लावायचे, म्हणजे एक फटका जास्त मोजायचे, तोही मोठ्यानं. भर दुपारी रिकाम्या माळावर आवाज यायचा, "एक दंड!" कुणी पाहिलेलं नसायचं. आम्ही शेडमध्ये म्हणायचो, साहेबांनी साहेबाला पकडलं.

आता माझा मामला.

आमच्या क्लबाची वर्षाला एक स्पर्धा असते. जिंकणाऱ्याचं नाव शेडमधल्या लाकडी बोर्डावर सोनेरी रंगानं लिहितात. त्या बोर्डावर सगळी नावं शिकलेल्या घरांतली. नावाआधी डॉक्टर, नावामागं पदवी. लोकांना वाटेल, एवढं काय त्या बोर्डाचं! ज्याच्या बापाचं नाव फक्त शिधापत्रिकेवर लिहिलं गेलं, त्यालाच कळेल. मला त्या बोर्डावर माझं नाव पाहिजे होतं. बापाच्या नावासकट, पुरं.

एका साली उन्हाळ्याच्या अखेरीला मी आणि डॉक्टर शेवटच्या होलावर आलो तेव्हा मी एका फटक्यानं पुढं होतो, म्हणजे माझा एक फटका कमी होता; या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो. साहेब पंच म्हणून बरोबर चालत होते. माझा बॉल दगडगोट्यांत थांबला होता. मी जवळ गेलो आणि टिटवी उठली. डोक्यावर घिरट्या, टिव टिव टिव, नुसता गोंधळ. मी खाली पाहिलं. अंडं नाही, घरटं नाही. मी काठी फिरवली. आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका असेल तो. बॉल वाळूत होलाजवळ पडला, पुढच्या टोल्यात आत. डॉक्टरांनी त्यांचा होल तेवढ्याच फटक्यांत संपवला. लोक टाळ्या वाजवत माझ्याकडं यायला लागले.

साहेब म्हणाले, "पाव्हणं, दोन दंड."

टाळ्या थांबल्या. मी म्हणालो, "कशाचे?"

"टिटवीचे. टिटवी उठली की बॉल उचलायचा, लांब ठेवून खेळायचं. तुम्ही न उचलता खेळले."

"अंडं कुठंय? दाखवा अंडं!"

"घरटं शोधू नये, असंही लिहिलंय. शोधताना पाय पडतो."

माझा आवाज चढला. "साहेब, मी मेंढरामागं वाढलोय. टिटवी जिथं बोंबलते तिथं तिचं अंडं नसतंच. अंडं राहतं एकीकडं, ही बोंबलते दुसरीकडं. खोटारडी जात आहे ती!"

"मला ठाऊक आहे," साहेब शांतपणे म्हणाले.

"ठाऊक आहे? मंग?"

"कायदा अंड्याचा न्हाई, टिटवीचा आहे. तिनं जा म्हटलं ना? आपण जायचं. ती खोटं का बोलून राह्यली, हे तिचं तिला."

दोन दंड म्हणजे मी एका फटक्यानं मागं. डॉक्टर जिंकले. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. काठी गरगर फिरवून फेकली, ती समोरच्या बाभळीत वर जाऊन अडकली. काढायला कुणी गेलं नाही आणि मी तर जाणारच नव्हतो.

पुढच्या रविवारी पत्र्यावर एक नवा कायदा रंगवलेला होता: बाभळीतल्या काठीला बॉल लागल्यास फटका पुन्हा मारावा, दंड नाही. आणि साहेब पत्र्याला पाठ लावून येईल त्याला विचारत होते, "हं, बाभळीतली काठी?" हा एकच कायदा सगळ्यांना पाठ झाला. लोक लांबूनच ओरडायचे, "पुन्हा मारावा, साहेब!" हसायचे. मी पण त्यांच्यातूनच चालत जायचो. कान गरम व्हायचे.

मी कमिटीकडं गेलो. तिथं एकालाही टिटवीचा कायदा नीट सांगता येईना. एक म्हणाला, अंड्यापासून एका काठीच्या अंतरात. दुसरा म्हणाला, फक्त पावसाळ्यात. तिसऱ्याला असा काही कायदा आहे हेच नवीन होतं. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "ज्या कायद्यानं माझं नाव गेलं तो तुमच्यातल्या एकाला येत न्हाई?" डॉक्टर तिथं होते. माणूस सरळ. ते म्हणाले, "फैसला साहेबांचा. साहेब आज म्हणाले की चुकलं, तर मी माझ्या हातानं माझं नाव खोडतो. मला काय, माझी तीन नावं आहेत तिथं."

तेव्हापासून माझं एकच काम उरलं. साहेबांकडून एक 'हो' काढायचा.

भांडायचं तर कायदा माहीत पाहिजे. मी तो पत्रा पाठ केला. आधी घरचे कायदे, मग ते जगाचं इंग्रजी पुस्तक मुलीकडून वाचून घेतलं. दर रविवारी नवा मुद्दा घेऊन जायचो. साहेब पहिल्या होलापासून ऐकायला लागायचे. मध्ये तोडायचे नाहीत. मुद्दा चांगला असला तर म्हणायचे, "हे बराबर काढलं तुम्ही." मला वाटायचं, आला खाली. आणि नवव्या होलावर काठी पिशवीत ठेवता ठेवता म्हणायचे, "न्हाई, पाव्हणं."

मी सगळं करून पाहिलं. गोड बोललो. चिडलो. महिनाभर बोललो नाही. यार्डात जे चालतं ते सगळं चालवलं, उठून चालायला लागलो, मागं वळून पाहिलं, तर साहेब वाळूवरून झाडू फिरवत होते. पुढच्या खेळणाऱ्याला वाळू सारखी मिळावी म्हणून. माझ्याकडं लक्षही नाही.

माझे वडील गेले तेव्हा साहेब धावड्याला आले होते. बसनं आले, भोकरदनला उतरून पुढं कशात तरी बसून. कुणाशी ओळख नाही. ओट्यावर एका कडेला बसले. जायला निघाले तेव्हा मला म्हणाले, "मेंढरं कुठं बसायची त्यांची?" मी त्यांना मागच्या बाजूला वाडगं दाखवलं. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची काट्याच्या कुंपणाची जागा. आता रिकामं होतं. साहेब कुंपणापर्यंत गेले, आत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "टिटवीचं त्यांनी शिकवलं का तुम्हाला?"

"हो."

"चांगलं शिकवलं."

मला भरून आलं. आणि खरं सांगतो, त्यातच मला वाटलं की आज हा माणूस नरम आहे. मी म्हणालो, "साहेब, मंग त्या दिवशीचं..."

त्यांनी हात वर केला. "आज त्यो विषय नको. आज माझ्याच्यानं न्हाई म्हणवणार न्हाई. आणि तसला हो तुम्हाला काय कामाचा?"

एवढं बोलून ते रस्त्याला लागले. मला राग आला होता, की इतक्या जवळ येऊन निसटले. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. धंद्यात मी असले पुष्कळ 'हो' घेतले होते. दमलेल्या माणसाकडून, गरजू माणसाकडून, ज्याच्या घरी कुणी आजारी आहे अशा माणसाकडून. 'हो' तो 'हो'. त्याची जात पाहायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका रविवारी साहेबांनी पत्र्यापाशी डॉक्टरांना अडवलं. "हं डॉक्टर, बॉल भेगेत गेला. काय कराल?"

"नापास, साहेब. सांगून टाका तुम्हीच."

साहेबांनी तोंड उघडलं आणि तसेच राहिले. पाठ पत्र्याला होती. मागं वळले असते तर लिहिलेलंच होतं. पण ते वळले नाहीत. त्यांना मागं पत्रा आहे हेच आठवत नव्हतं, असं मला आता वाटतं. सगळे हसायच्या बेतात होते, त्यांना वाटलं साहेब काही गंमत करतायत. मी मागं उभा होतो. मी हळूच म्हणालो, "भेगेत हात घालू नये. दुसरा बॉल ठेवावा. दंड न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, पास. त्यांनी विचारलं, "बराबर आहे ना ते?"

"बराबर आहे, साहेब."

"बघा," ते डॉक्टरांना म्हणाले. पण आवाज उसना होता.

त्यानंतर ते फार वेळा आले नाहीत. एकदा दुसऱ्याच होलाकडं चालत गेले. एकदा घरून निघाले आणि धान्याच्या मोंढ्यात सापडले, हातात काठी. मग काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पिशवी माळ्यावर टाकली. क्लबात रविवारी पत्र्यापाशी कुणी उभं राहीना. लोक थेट येऊन खेळायला लागले. कुणी टिटवीजवळून मारलं तर कुणी काही बोलायचं नाही. मी बोलायचो. लोक म्हणायचे, "तुम्हाला कशाला पायजे? तुमचंच तर नाव गेलं त्याच्यात." मी आणखी चिडायचो.

मागच्या उन्हाळ्यात डॉक्टर क्लबाचे अध्यक्ष झाले. बोर्ड जुना झाला होता, नवा करून सगळी नावं पुन्हा रंगवायची ठरलं. डॉक्टर मला म्हणाले, "तुमचा मामला मिटवायचा असला तर हीच वेळ आहे. जाऊन विचारा साहेबांना एकदा. ते हो म्हणाले तर रंगाऱ्याला तुमचं नाव देतो. शब्द आहे माझा."

मी सकाळीच मस्तगडला गेलो. काकूंनी दार उघडलं. साहेब खिडकीशी खुर्चीत होते, अंगात कारखान्याच्या दिवसांतला जुना खाकी शर्ट, बटणं एकाआड एक चुकलेली. मला पाहून चेहरा फुलला.

"या पाव्हणं, बसा. अहो, पाव्हण्यांना पाणी आणा."

मी मनात म्हटलं, ओळखलं. काकू पाणी ठेवताना हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनाच पाव्हणं म्हणतेत आता. मला बी."

काकूंनी त्यांना चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." काकूंनी चमचाभर साखर घातली. मग साहेब मिटक्या मारत प्यायले.

मी माझा मामला मांडला. पहिल्यापासून. टिटवी कुठून उठली, बॉल कुठं होता, दगड कसे होते. जगाच्या पुस्तकातला मुद्दा, बापानं शिकवलेला मुद्दा, सगळे. इतक्या वर्षांत एवढं चांगलं मला कधी मांडता आलं नव्हतं. साहेब ऐकत होते, मान हलवत. मध्ये तोडलं नाही. तसंच, पूर्वीसारखं. माझं संपलं. खिडकीखालून टेंपो गेला.

"बराबर आहे तुमचं," साहेब म्हणाले.

मला नीट ऐकू आलं, तरी विचारलं, "काय म्हणाले, साहेब?"

"तुमचंच बराबर आहे. बिलकुल."

काकू दारातून म्हणाल्या, "बघा, झालं ना तुमचं काम? किती दिवस मागं लागले होते त्यांच्या. सही पायजे का? सही अजून चांगली करतेत."

मी साहेबांकडं पाहत होतो. ते हसत होते. मला त्या हसण्याची भीती वाटली. मी म्हणालो, "साहेब, मेंढरं आली तर खेळ थांबवायची काही गरज न्हाई. हाकलायची दगड मारून. काय?"

"हाकलायची."

"आणि वाळू झाडायची काय जरूर? मागचा बघंल त्याचं."

"बघंल की."

मी भाव पाडत होतो. जन्मभर पाडत आलो, पण समोरच्यानं कुठंतरी थांबावं म्हणून मी कधी भाव पाडला नव्हता. त्या दिवशी पाडत गेलो. कुठंतरी हा माणूस म्हणेल, न्हाई, पाव्हणं. एकदा म्हणू दे. मग मी उठून जातो, रिकाम्या हातानं जातो.

"साहेब, बॉल भेगेत गेला. मी भेगेत हात घालतो. घालू ना?"

आम्हाला विंचू चावू नये म्हणून तो कायदा केलेला. पत्र्यावर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात.

साहेबांनी माझा हात हातात घेतला, थोपटला. "घाला की," ते म्हणाले. "तुम्ही घरचेच आहात."

मी उठलो. काकूंना म्हणालो, सही नको. जिना उतरलो. मग गाडीत बसून सरळ माळावर गेलो.

शेडमध्ये डॉक्टर होते, आणखी चारसहा जण होते. रंगारी खाली बसून डब्यात सोनेरी रंग ढवळत होता. नवा बोर्ड भिंतीला टेकवलेला. त्या सालच्या ओळीची जागा त्यानं कोरी ठेवली होती. डॉक्टरांनी मला दारातच विचारलं, "मंग? काय म्हणाले साहेब?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"न्हाई म्हणाले."

"एवढं सांगून बी?"

"न्हाई म्हणजे न्हाई! तुम्हाला म्हातारा माहीत न्हाई का? सगळं ऐकून घेतलं, आणि वर तोंड करून मलाच म्हणतेत, कायदा अंड्याचा न्हाई, टिटवीचा आहे. डोकं जाग्यावर न्हाई म्हणता तुम्ही? एक अक्षर विसरले न्हाईत! एक अक्षर!"

डॉक्टर हसले. बाकीचेही हसले. कुणीतरी म्हणालं, "साहेब ते साहेबच." डॉक्टरांनी रंगाऱ्याला खूण केली आणि त्यानं कोऱ्या जागेवर ब्रश टेकवला.

मी शेडच्या बाहेर आलो, तरी बोंबलतच होतो. साहेबांच्या नावानं, चांगला मोठ्यानं, सगळ्या माळाला ऐकू जाईल असा.